टाकी दर सहा महिन्यांनी धुतो. रुग्णालयाच्या पाण्यासाठी तेवढं पुरेल का?

नाही, पुरणार नाही. टाकी चकचकीत असली तरी लिजिओनेला आणि स्युडोमोनास हे रुग्णांना घातक जंतू वाढतात ते पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात, शॉवरच्या जाळीत आणि बंद पडलेल्या नळांत, म्हणून मोजमाप नळाच्या तोंडाशीच घ्या. लिजिओनेला साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसला फोफावतो. कोल्हापूरच्या एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांखाली राहणं शक्यच नाही, तेव्हा गार पाण्यासाठी भिस्त क्लोरीनवर: सर्वांत लांबच्या नळाला रोज शिल्लक क्लोरीन तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. गरम पाणी साठ्यात ६० अंश, नळाला मिनिटभरात ५५ च्या वर. भाजू नये म्हणून गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नळाजवळ बसवा. खरी गोची सोलरची. जुलै-ऑगस्टच्या झडीत त्यातलं पाणी दिवसेंदिवस कोमट राहतं, बॅकअप हीटर हवाच. रिकाम्या खोल्यांतले नळ आठवड्यातून दोनदा काही मिनिटं वाहू द्या. आयसीयूतला स्युडोमोनासचा नमुना सकाळी, नळ वापरण्याआधीच्या पहिल्या पाण्याचा, क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या. नाहीतर क्लोरीन बाटलीतच जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. मात्र एक नमुना स्वच्छ आला म्हणजे पाइप स्वच्छ असं नाही, थरातून जंतू अधूनमधूनच सुटतात.