मोबाइलचं चित्र टीव्हीवर, वायरीशिवाय

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की टीव्हीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांना फोनवरचं चित्र टीव्हीवर आणायचं आहे आणि ते कुठे ना कुठे अडलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा फोन सॅमसंगचा, टीव्ही एलजीचा स्मार्ट, ४३ इंची. नातीच्या नृत्याचा व्हिडिओ फोनमध्ये आहे, तो घरच्यांना टीव्हीवर दाखवायचा आहे. घरात वाय-फाय घेतलेलं नाही, मोबाइलचंच नेट वापरतो. जावईबापू म्हणतात, कनेक्शन घेतल्याशिवाय हे होणार नाही. खरं आहे का?
— निवृत्त शिक्षक, खामला

नाही, कनेक्शन घ्यायची गरज नाही. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये आणि एलजीच्या स्मार्ट टीव्हींत मिराकास्ट नावाची सोय असते. वाय-फाय अलायन्सने ती २०१२ साली आणली. तिच्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी वाय-फायनेच पण थेट बोलतात. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि डेटाही खर्च होत नाही. दोन्हीकडे वाय-फाय चालू हवं, एवढंच. ते कोणत्या नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालतं.

आधी टीव्हीकडून सुरुवात करा. रिमोटवरचं होम बटण दाबून ‘स्क्रीन शेअर’ उघडा आणि तो पडदा तसाच उघडा राहू द्या. तिथून बाहेर पडलात की टीव्हीचं नाव फोनला दिसेनासं होतं. मग फोनच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढा, ‘स्मार्ट व्ह्यू’ दाबा. थोड्या वेळात यादीत टीव्हीचं नाव येईल. ते निवडा आणि ‘स्टार्ट नाऊ’ करा. आता नजर फोनवर नको, टीव्हीवर ठेवा. टीव्ही परवानगी विचारतो आणि तिचं उत्तर रिमोटनेच द्यावं लागतं. बरेच जण इथेच फसतात : फोनकडे बघत बसतात, तिकडे टीव्ही वाट बघून जोडणी तोडून टाकतो.

जोडल्यावर व्हिडिओ आडवा करून लावा. आजकालच्या फोनचा पडदा साधारण २०:९ या प्रमाणात असतो आणि टीव्हीचा १६:९. फोन उभा धरलात तर टीव्हीच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग वापरला जातो, बाकी दोन्ही बाजूंना काळं. आडवा धरलात तर रुंदी पूर्ण भरते आणि उंची ८० टक्के. फोन आडवा करूनही चित्र फिरत नसेल तर ‘ऑटो रोटेट’ बंद आहे असं समजा. आणि दाखवण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर नातीच्या नाचावर व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि बँकेचे ओटीपी सगळ्या पाहुण्यांना वाचायला मिळतील.

दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवाल्यांसाठी : हीच सोय शाओमीत ‘कास्ट’, विवोत ‘स्मार्ट मिररिंग’, वनप्लस आणि रिअलमीत ‘स्क्रीनकास्ट’ अशा नावांनी असते. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘कास्ट’ किंवा ‘मिरर’ टाकलं की सापडते. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मात्र मिराकास्ट नाही.

नुसता एकच व्हिडिओ दाखवायचा असेल तर आमचं मत विचाराल तर पेन ड्राइव्ह बरा. टीव्हीच्या यूएसबीत लावला की काम झालं. फक्त तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

प्रश्न : फोन टीव्हीला जोडला की फोटो, यूट्यूब सगळं दिसतं; पण सिनेमाचं अ‍ॅप लावलं की आवाज येतो आणि चित्र काळं. फोन बिघडला की टीव्ही?
— गृहिणी, नंदनवन

दोन्ही ठणठणीत आहेत. सिनेमा-मालिकांची अ‍ॅप्स आपल्या चित्रावर नकलेविरुद्ध कुलूप घालतात. तुम्ही करता आहात ते मिररिंग, म्हणजे फोनच्या पडद्याची जशीच्या तशी नक्कल टीव्हीकडे पाठवणं. अ‍ॅपला ती चोरून केलेल्या रेकॉर्डिंगसारखीच वाटते, म्हणून ते चित्र अडवतं. फोनच्या कुठल्याही सेटिंगने हे सुटत नाही आणि ‘कुलूप तोडून देतो’ म्हणणारी अ‍ॅप्स टाकू नका.

यावर कास्टिंगचा रस्ता आहे. बऱ्याच अ‍ॅप्सच्या आतच, बहुधा वर उजवीकडे, चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात वाय-फायच्या रेघा असं छोटं चिन्ह असतं. ते दाबून टीव्ही निवडला की फोन स्वतः चित्र पाठवत नाही. ‘हा सिनेमा इथून पुढे लाव’ एवढाच निरोप तो टीव्हीला देतो आणि टीव्ही सिनेमा थेट इंटरनेटवरून आणतो. गूगलने २०१३ साली क्रोमकास्ट हे टीव्हीला लावायचं छोटं यंत्र आणलं ते याच कल्पनेवर. त्यामुळे चित्र स्वच्छ येतं, फोनची बॅटरी वाचते आणि मध्येच फोन आला तरी सिनेमा थांबत नाही. अट एकच : टीव्हीला इंटरनेट हवं आणि फोन त्याच वाय-फायवर हवा.

इथे डेटाचा हिशेब लक्षात ठेवा. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक हॉटस्पॉटवरून टीव्हीला दिलात तर अर्ध्या तासात संपेल आणि सिनेमा मध्यंतरापर्यंतही जाणार नाही.

एवढं करूनही चालत नसेल तर तुमचा प्लॅन तपासा. काही अ‍ॅप्सचे स्वस्त प्लॅन फक्त मोबाइलपुरते असतात, त्यांत टीव्हीवर बघण्याची मुभाच नसते. आणि टीव्ही स्मार्ट असेल तर या सगळ्या भानगडीपेक्षा ते अ‍ॅप टीव्हीतच उघडून तिथे लॉगिन करणं सोपं.

प्रश्न : फोन आणि अँड्रॉइड टीव्ही दोन्ही घरच्याच वाय-फायवर आहेत, तरी कास्टचं चिन्ह दाबलं की टीव्हीचं नाव येत नाही. कधी येतं, कधी गायब. पोट्टे पार वैतागून जातात.
— वाचक, मानेवाडा

नाव कधी दिसतं, कधी नाही, म्हणजे बहुतेक तुमचा फोन नेटवर्क बदलतो आहे. घरात राउटरशिवाय रेंज वाढवायचं दुसरं यंत्र आहे का ते बघा. ते जर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवत असेल, तर पुढच्या खोलीतला टीव्ही एका नेटवर्कवर आणि मागच्या खोलीतला फोन दुसऱ्यावर, अशी स्थिती होते. नावं सारखी दिसली तरी आतून जाळी वेगळी. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं एकाच राउटरची असतील तर सहसा अडत नाही. पण त्यांतलं एक ‘गेस्ट’ असेल तर हमखास अडतं, कारण गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असलं तरी हेच होतं. ते बंद करा.

फोनच्या बाजूने दोन गोष्टी बघा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. तो फोनची सगळी वर्दळ बाहेरच्या वाटेने नेतो आणि घरातलाच टीव्ही दिसत नाही. दुसरं, परवानगी. नवीन अँड्रॉइडवर अ‍ॅपला ‘निअरबाय डिव्हायसेस’ची आणि आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत ‘डोन्ट अलाऊ’ दाबलं गेलं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या नावाखाली जाऊन ती पुन्हा द्या. मग राउटर, टीव्ही, फोन या क्रमाने बंद करून चालू करा. टीव्ही रिमोटने बंद करू नका, तो नुसता झोपतो. भिंतीवरचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा.

ज्या फोनचा हॉटस्पॉट, त्याच फोनवरून कास्ट करायचं असेल तर बऱ्याचदा टीव्ही दिसतच नाही. हॉटस्पॉट एका फोनवर ठेवा आणि कास्ट दुसऱ्यावरून करा. यूट्यूबपुरता एक चांगला आडरस्ता आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक विथ टीव्ही कोड’ उघडा आणि तिथे आलेले आकडे फोनवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘वॉच ऑन टीव्ही’खाली टाका. मग दोन्ही एका नेटवर्कवर नसली तरी चालतं.

प्रश्न : आमचा टीव्ही साधा आहे. मागे एचडीएमआयचं एकच भोक, त्यात सेट-टॉप बॉक्स. बर्डीच्या बाजारात स्वस्तातला मिररिंग डोंगल (एचडीएमआयमध्ये खोचायचं, फोनचं चित्र टीव्हीवर आणणारं छोटं यंत्र) बघितला. घ्यावा का? गावी आईकडे तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचाच टीव्ही आहे.
— दुकानदार, महाल

फोटो, लग्नाची व्हिडिओ कॅसेट फोनवर उतरवून घेतली असेल ती, मुलांचा अभ्यास, एवढंच बघायचं असेल तर स्वस्त डोंगल चालेल. सिनेमाच्या अ‍ॅप्ससाठी घेत असाल तर घेऊ नका. वर नंदनवनच्या ताईंना सांगितलेलं कुलूप तिथेही लागतं. त्यापेक्षा थोडे पैसे घालून फायर टीव्ही स्टिक किंवा गूगल टीव्हीची स्टिक घ्या, म्हणजे अ‍ॅप्स तिच्यातच येतात. फायर स्टिकवर होम बटण दाबून धरलं की ‘मिररिंग’ येतं. कोणती स्टिक मिररिंग देते ते मात्र खोक्यावर वाचूनच घ्या.

डोंगलच्या बहुतेक तक्रारी विजेच्या असतात. लोक त्याची यूएसबी वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचतात. तिथे सहसा अर्धा अँपिअरच मिळतो आणि डोंगलला तो पुरत नाही. मग तो चालू होतो, नाव दाखवतो आणि चित्र सुरू झालं की बंद पडून पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा किंवा त्याहून मोठा चार्जर लावा, बहुतेकदा दुखणं जातं. स्वस्त डोंगलवर एक छोटं बटण असतं. अँड्रॉइड आणि आयफोनच्या पद्धती त्यानेच बदलतात, त्यामुळे नाव दिसत नसेल तर ते एकदा दाबून बघा.

एकाच एचडीएमआयमध्ये सेट-टॉप बॉक्स आणि डोंगल दोन्ही लावायचे तर दुकानात ‘एचडीएमआय स्विच’ मागा. ‘स्प्लिटर’ नको. स्प्लिटर एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना वाटतो, तुम्हाला नेमकं उलटं हवं आहे.

आईंच्या टीव्हीसाठी ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर लागेल. दिसायला हुबेहूब तसाच ‘एव्ही टू एचडीएमआय’ही मिळतो आणि तो इथे काहीच कामाचा नाही, म्हणून डबीवरची अक्षरं वाचून घ्या. त्यालाही वेगळी यूएसबी वीज लागते. सिनेमा ठीक दिसेल, पण फोनवरचा बारीक मजकूर वाचता येणार नाही. त्या टीव्हीची तेवढी ताकदच नाही.

प्रश्न : हिवाळ्यात फोनचं चित्र टीव्हीवर सुरळीत चालायचं. एप्रिलपासून अडखळतं, आवाज पुढे आणि चित्र मागे. राउटर, फोन, टीव्ही सगळं तेच आहे.
— वाचक, प्रतापनगर

एप्रिलमध्ये घरात काय नवीन आलं? कूलर. खिडकीत बसवलेल्या कूलरचं अंग पत्र्याचं, आत पाण्याची टाकी आणि ओल्या जाळ्या. वाय-फायच्या लहरी पत्र्यावरून परततात आणि पाण्यात जिरतात. फोन किंवा (कास्ट करत असाल तर) राउटर एका बाजूला, टीव्ही दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कूलर अशी मांडणी असेल तर त्याची जागा बदला. कूलर नसला तरी टीव्हीच्या अगदी पाठीमागे चिकटलेल्या स्टिकला टीव्हीचाच पत्रा आड येतो. वीतभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेंशन वायर लावून ती थोडी बाहेर काढा. फायर स्टिकबरोबर अशी वायर खोक्यातच येते.

दुसरं कारण उष्णता. मिररिंग करताना फोन पडद्यावरचं चित्र सेकंदासेकंदाला नव्याने बांधून पाठवत असतो, त्यामुळे तापतो. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बंद खोलीत दुपारी त्याच्या मागोमाग. तापलेला फोन जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. जाड कव्हर काढा, त्या वेळी चार्जिंगला लावू नका, फोनची ब्राइटनेस कमी करा. कूलरसमोर ठेवलात तरी चालेल, पण तुषार उडत असतील तिथे नको.

दोन्हींपैकी कोणतं कारण, हे ओळखायची सोपी पद्धत : फोन थंड असताना टीव्हीपासून हातभर अंतरावर धरून पाच मिनिटं चालवा. अडखळणं गेलं तर अडचण अंतराची किंवा आडोशाची आहे. सुरुवातीला नीट आणि नंतर बिघडलं तर उष्णतेची. पहिल्या सेकंदापासूनच अडखळत असेल तर तिसरंच कारण. फोन एकीकडे राउटरशी आणि दुसरीकडे टीव्हीशी, दोन वेगळ्या चॅनलवर आळीपाळीने बोलतो आहे. वाय-फाय चालूच ठेवा, पण फोन राउटरपासून ‘डिस्कनेक्ट’ करा आणि पुन्हा मिररिंग करा.

मिररिंगने क्रिकेटचा सामना बघायचा किंवा गेम खेळायचा विचार असेल तर थोडा उशीर राहणारच. गेमसाठी तर ते निरुपयोगीच.

प्रश्न : आयफोन आहे, यादीत टीव्हीचं नावच येत नाही.
— विद्यार्थिनी, धरमपेठ

आयफोनला मिराकास्ट कळत नाही, त्याला एअरप्ले लागतं. सॅमसंग, एलजी, सोनीच्या २०१९ नंतरच्या अनेक टीव्हींत ते असतं. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ‘एअरप्ले’ शोधून चालू करा, दोन्ही एकाच वाय-फायवर ठेवा, कंट्रोल सेंटरमधले एकावर एक असलेले दोन चौकोन दाबा आणि टीव्हीवर आलेला कोड फोनवर टाका. टीव्हीत एअरप्ले नसेल तरी यूट्यूबसारख्या अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह अँड्रॉइड टीव्हीवर चालतं.

प्रश्न : परवा आमच्या टीव्हीवर अचानक कुणातरी शेजाऱ्याचे फोटो येऊ लागले. आमचं सगळं त्यांनाही दिसत असेल का?
— वाचक, मनीषनगर

नाही. चित्र त्यांच्या फोनकडून तुमच्या टीव्हीकडे येतं, उलट जात नाही. इमारतीत एकाच कंपनीचे टीव्ही असले की यादीत सारखीच नावं दिसतात आणि शेजाऱ्याने चुकून तुमचा निवडला असेल. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये त्याचं नाव बदला, फक्त फ्लॅटचा नंबर टाकू नका. सॅमसंग टीव्हीत ‘डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर’मध्ये ‘अ‍ॅक्सेस नोटिफिकेशन’ चालू करा, मग प्रत्येक नवा फोन आधी परवानगी मागेल. तिथेच जुन्या फोनांची यादी असते, अनोळखी नावं त्यातून काढून टाका. मात्र ते फोटो मिररिंगने नव्हे, कास्टच्या चिन्हाने आले असतील, तर शेजाऱ्याकडे तुमच्या वाय-फायचा पासवर्ड आहे. तो आजच बदला.