साताऱ्यात राहून हाफ मॅरेथॉनचा छंद केला तर खर्च किती येतो?

प्रवेश फी डोळ्यांत खुपते, पण खरा खर्च बुटांचा. पळायचा जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. नंतर तळाचा फोम बसतो आणि पोटऱ्या-गुडघे बोलायला लागतात. पाच हजारांचा जोड 600 किलोमीटर चालला तर किलोमीटरला आठ-साडेआठ रुपये. आठवड्याला 30 किलोमीटर पळत असाल, तर वर्षाला अडीच जोड, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन (21.1 किमी, यवतेश्वर घाट चढून परत) तुमच्या दारातच आहे. सांगलीकराला बहुधा आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला यावं लागतं, की लॉजचं भाडं वाढलंच. म्हणून बाहेरगावच्या शर्यती वर्षाला एक-दोनच धरा.

फी भरण्याआधी नियम वाचा. बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, बिब दुसऱ्याला देता येत नाही. पाय दुखत असताना ‘अर्ली बर्ड’ (लवकर नाव नोंदवण्याच्या) सवलतीला भुलू नका.

महागडं घड्याळ नको, मोबाईलचं ॲप पुरतं. मोज्यांवर मात्र कंजुषी नको: पावसात सुती मोजे भिजून घासतात, फोड येतात.