गुडघे आत येतात? मांड्या भरण्याच्या नादी लागू नका

ताई, ‘लेक तेरा वर्षांची, स्मॅश मारून खाली येताना गुडघे एकमेकांना टेकतात, सर म्हणतात मांड्या भरल्या की जाईल’ हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. मी डॉक्टर नाही, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीची आई आहे, तेवढ्यापुरतंच माझं ऐका.

आमच्या सरांचंही हेच म्हणणं होतं. लेक वर्षात आठ सेंटिमीटर वाढली, म्हणून सेटरची, म्हणजे चेंडू उचलून देणारीची, स्मॅशर झाली. मग रोज उठाबशा. मांड्या भरल्या, पण पुढून. पुढचे स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतात. त्याला धरून ठेवतं एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारी दोरीच, आणि त्याचा भार हलका करतात मांडीमागचे हॅमस्ट्रिंग. हे मागचे स्नायू पाय टेकण्याआधीच आवळलेले लागतात, कारण लिगामेंट तुटतं ते टेकल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांत. तेवढ्यात सावरायला वेळच नसतो. उंची झपाट्याने वाढते, वजन वर सरकतं, पण उडी मात्र जुन्याच शरीराच्या हिशोबाने घेतली जाते. २००४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संशोधकांनी फुटबॉल-बास्केटबॉल खेळणारी शाळकरी मुलं-मुली तपासली. वयात येण्याआधी दोघांच्या उतरण्यात फारसा फरक नव्हता. नंतर मुलींचे गुडघे जास्त आत यायला लागले. म्हणजे ‘वाढीचं वय आहे, जाईल’ हे मुलींच्या बाबतीत बरेचदा उलटंच.

आता आमचा गाढवपणा. सरावात ब्लॉक करून उतरताना ‘टक्’ आवाज झाला, संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. ‘हाड शाबूत आहे, मुरगळलाय.’ एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हे सांगायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? तीन आठवड्यांनी शाळेला फिटनेसचा दाखला हवा होता. तिथेच गेलो. लेकीला एका पायावर उभंसुद्धा न करता सही-शिक्का, पैसे घेतले, पुढचा पेशंट. दोष माझाही आहे, जिल्हास्तराची स्पर्धा मलाच चुकवायची नव्हती. तिसऱ्या सामन्यात गुडघा पुन्हा निसटला. एमआरआयमध्ये एसीएल तुटलेलं निघालं आणि दुसऱ्या झटक्यात गादी, म्हणजे मेनिस्कसही फाटली होती. पुढे विम्यासाठी जुने कागद मागायला त्याच खिडकीवर चार खेपा घातल्या, ते वेगळंच.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. स्मॅशची संख्या सध्या निम्मी करा आणि उतरणं नव्याने शिकवा. फुटभर उंचीच्या बाकावरून खाली उडी, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, कंबर मागे. धप्पकन आवाज आला की चुकलं. ‘फिफा ११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, फुटबॉलसाठीचा, पण आम्ही तोच करतो. आठवड्यातून दोनदा तरी हवाच. सर हसतील, हसू द्या. दुकानातला गुडघ्याचा पट्टा घेऊ नका. निदान आमचे पैसे वाया गेले. वाटीखालच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते प्रकरण निराळं, ते फिजिओला दाखवा. आणि आवाज होऊन काही तासांत सूज आली, तर एक्स-रेवर समाधान मानू नका, खेळाडूंचे गुडघे बघणारा ऑर्थो गाठा.

आधी मोबाइलवर समोरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. हाफ पँट घालायला सांगा, ट्रॅकपँटमध्ये गुडघा आत जातोय की नाही, काही कळत नाही.