दरवर्षी गॅस भरायचा, तो जातो कुठे?

प्रश्न : घरात दोन स्प्लिट एसी आहेत. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक दरवर्षी ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो. सर्व्हिसिंगपेक्षा गॅसचंच बिल मोठं होतं. वार्षिक करार केला तर खर्च आटोक्यात येईल का?

उत्तर : एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. खरोखर कमी झाला असेल तर गळती आहे. बहुतेक वेळा फ्लेअर नटच्या (तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या पितळी नटच्या) जोडावर, नाहीतर इनडोअर कॉइलला (घरातल्या युनिटमधल्या, हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याला) पडलेल्या बारीक छिद्रातून. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे ती कुणी शोधलेलीच नाही.

किंवा गॅस कमी नव्हताच. हवेची जाळी (फिल्टर) किंवा ही आतली कॉइल तुंबली तरी थंडावा कमी होतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि गेजवरचा (गॅसचा दाब मोजणाऱ्या मीटरवरचा) दाब उतरतो. म्हणून धुण्याआधी गेज लावू देऊ नका. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरच्या वेगाबरोबर दाब बदलतो; नुसत्या दाबावरून निदान करणं हा अंदाजपंचे कारभार. धुलाईनंतर एसी पंधरा मिनिटं जोरात चालवा आणि आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर गॅसला हात लावायचं कारण नाही.

गळती निघालीच तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासावेत, दुरुस्ती करावी, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढावी, मग नेमप्लेटवर दिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरावा. बिलात ही कामं वेगवेगळी लिहून मागा. व्हॅक्यूम टाळला तर आतल्या ओलीमुळे आम्ल तयार होतं आणि पुढे कॉम्प्रेसरच जातो. तो खर्च सगळ्यात मोठा.

वार्षिक करारात गॅस, पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि कपॅसिटर (मोटर चालायला मदत करणारा विजेचा भाग) धरलेत का, ते आधी वाचा. ‘ड्राय सर्व्हिस’ म्हणजे बहुधा जाळी धुणं आणि वरवर पुसणं. जाळी तुम्हीही दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊ शकता. सावलीत वाळवून बसवायची, इतकंच. पैसे मोजावेत ते वर्षातून एकदा होणाऱ्या जेट सर्व्हिससाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या धुलाईसाठी. त्यात आतली व बाहेरची अशा दोन्ही कॉइल, ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) आणि ड्रेन पाइप साफ झाला पाहिजे. ब्लोअर बहुतेकदा राहूनच जातो, मग वास येतो. एसी इन्व्हर्टरचा नसेल, तर कॉम्प्रेसरच्या कपॅसिटरचे मायक्रोफॅरडही (त्याची क्षमता) तपासून घ्या. स्वस्त भाग आहे, पण तो उतरला की कॉम्प्रेसर तापू लागतो.

प्रश्न : साठवणीच्या गिझरला सर्व्हिसिंग लागतं का?

उत्तर : पाणी जड असेल तर नक्कीच. एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) क्षारांचा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. क्षार काढताना टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही पाहायला सांगा. गंज टाकीला लागण्याऐवजी तो रॉड झिजतो. आतली तार उघडी पडली असेल तर रॉड बदला. टाकी गळायला लागल्यावर बदलून उपयोग नसतो.