रोज ५०० वाचक असलेल्या वेबसाइटवर जाहिराती घ्यायला सुरुवात करावी का, आणि दर किती लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे बाजारभाव देणारी मराठी वेबसाइट आहे, रोज ४००-५०० लोक येतात, जाहिराती आत्ताच घ्याव्यात की वाचक वाढेपर्यंत थांबावं?

थांबू नका. फक्त सुरुवात पानावर आपोआप जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सपासून न करता मोंढ्यातल्या (शेतमालाच्या बाजारातल्या) एका दुकानापासून करा.

हिशेब करून बघा. रोज ५०० लोकांनी सरासरी २ पानं पाहिली तर महिन्याला ३०,००० पानं होतात. हजार पानांमागे ४० रुपये मिळाले असं धरू. तुमचा आकडा कमी-जास्त निघेल, पण मराठी मजकुराला इंग्रजीच्या मानाने दर कमीच मिळतो. म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. त्यात अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, त्यामुळे पहिली रक्कम हातात यायला सात-आठ महिने जातात. आणि तेवढ्यासाठी भावाच्या तक्त्याच्या मध्ये कुठल्यातरी अ‍ॅपची जाहिरात नाचत राहते.

तेच वाचक ठिबक-तुषार विकणाऱ्या औशाच्या दुकानदारासाठी फार मोलाचे आहेत. त्याला हजारोंची गर्दी नको असते. औसा, निलंगा, रेणापूरचे शेतकरी हवे असतात. म्हणून 'किती लोक येतात' यापेक्षा 'कुठले येतात आणि त्यांना काय विकत घ्यायचंय' हे सांगता आलं की जाहिरात विकायची वेळ आली असं मी मानतो. त्यासाठी माझ्या मते रोजचे ३०० वाचकही पुरतात, अट एवढीच की ते एकाच भागातले हवेत आणि पुन्हा पुन्हा येणारे हवेत.

इथे एक फसगत होते. वाचकांची मोजणी करणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये शहरनिहाय आकडे उघडले की तुमचे बरेच वाचक पुण्या-मुंबईचे दिसतील. मोबाइल इंटरनेटचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) बऱ्याचदा मोठ्या शहराच्या नावावर निघतो, माणूस भले चाकूरच्या शिवारात उभा असो. हा तक्ता दुकानदाराला दाखवलात तर तो तिथेच नाही म्हणेल. त्याऐवजी गूगलचं सर्च कन्सोल उघडा आणि लोक काय टाइप करून येतात ते दाखवा: 'उदगीर तूर भाव', 'लातूर सोयाबीन आजचा भाव'. शेवटच्या ३ महिन्यांचे आकडे न्या. सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, तेव्हा भाव बघणारे वाढतात आणि जुलै-ऑगस्टात ओसरतात. दिवाळीचा आकडा सांगून पावसाळ्यातली जागा विकू नका.

दर दुकानदाराच्या नफ्यावरून काढा. समजा महिन्याला ३० जणांनी संपर्क केला, त्यातले २ गिऱ्हाईक झाले आणि एका विक्रीत त्याला ३,००० रुपये सुटले. म्हणजे तुमच्यामुळे ६,००० आले. त्याचा चौथा हिस्सा, १,५०० रुपये महिना, मागायला संकोच नको. पहिला महिना निम्म्या दरात द्या, पण फुकट देऊ नका. फुकटच्या जागेचे पुढे पैसे मागणं फार अवघड जातं. पुढचा करार ३ महिन्यांचा करा, कारण एका महिन्यात काहीच कळत नाही.

परिणाम त्याच्या स्वतःच्या फोनवर दिसला पाहिजे, तुमच्या अहवालावर त्याने विश्वास का ठेवावा? जाहिरातीला व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या आणि 'भावाच्या वेबसाइटवरून आलोय, ठिबकचा दर सांगा' असा मजकूर त्यात आधीच भरून ठेवा. मग आलेला प्रत्येक मेसेज कुठून आला ते तो स्वतः वाचेल. फोनच्या बटणावरचे क्लिकही मोजा, पण क्लिक म्हणजे कॉल लागलाच असं नाही, हे त्याला आधीच सांगा.

जागा दोनच ठेवा: एक भावाच्या पहिल्या तक्त्याच्या लगेच खाली, ३०० बाय २५० पिक्सेलची, दुसरी पानाच्या शेवटी. तक्त्याच्या वर काही नको, माणूस भाव बघायला आलेला असतो. दोन्हींवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा आणि लिंकच्या कोडमध्ये rel="sponsored" ही खूण घाला. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी गूगलने ती २०१९ मध्ये आणली. एका धंद्याची एकाच वेळी एकच जाहिरात घ्या. दोन कृषी केंद्रं शेजारी शेजारी लावलीत तर दोघंही नाराज होतात.

सगळ्यात जास्त वेळ चित्रात जातो. दुकानदार फ्लेक्सवाल्याकडून डिझाइन मागवतो, आणि तुमच्याकडे येते छपाईसाठी केलेली सीएमवायके फाइल, जिचे रंग मोबाइलवर बिघडू शकतात. त्यावर मालकाचा फोटो, दोन देव, सात कंपन्यांची चिन्हं आणि तीन फोन नंबर. चार फुटी फलकावर हे चालतं, मोबाइलवर एक अक्षर वाचता येत नाही. चित्र तुम्हीच करून द्या: दुकानाचं नाव, गाव, एक वस्तू, एक नंबर. रंग आरजीबी (पडद्यासाठीचे), फाइल १०० केबीच्या आत. कोडमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर चित्र उशिरा आलं की तक्ता खाली सरकतो आणि वाचकाचं बोट भलतीकडे पडतं. फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात 'अ‍ॅड' किंवा 'बॅनर' हे इंग्रजी शब्द टाळा, जाहिराती अडवणारी साधनं ती नावं बघूनच चित्र लपवतात. एका जागेत दोन जाहिराती आलटून पालटून दाखवायच्या असतील तर अदलाबदल वाचकाच्या ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टने करा. सर्व्हरवर केलीत तर कॅश केलेल्या (आधीच साठवून ठेवलेल्या) पानात एकच जाहिरात अडकून राहते आणि दुसरा दुकानदार विचारतो, माझी कुठंय?

पैसे आगाऊ, यूपीआयवर. कृषी केंद्राचा सगळा धंदा हंगामी उधारीवर असतो, शेतकरी सोयाबीन विकून देणार आणि मग हे तुम्हाला देणार. त्या साखळीत शिरू नका. कुठली जागा, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, किती रुपये, चित्र किती वेळा बदलून मिळेल, वेबसाइट बंद पडली तर तेवढे दिवस वाढवून मिळतील, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून 'मान्य' असं उत्तर घ्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. साधं क्रमांक घातलेलं बिल द्या.

विचारायला कधी जायचं? बियाणं-खतवाल्यांकडे एप्रिलच्या अखेरीस, ट्रॅक्टर-दुचाकीवाल्यांकडे दसऱ्याच्या महिनाभर आधी. पेरणी सुरू झाल्यावर दुकानात तुमच्याशी बोलायला कुणालाच उसंत नसते.

काही जाहिराती मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला देशात मंजुरीच नाही, ते 'खास वाण' म्हणून कुणी घेऊन येईल. प्लॉटिंगवाला आला तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला नोंदणी लागते आणि जाहिरातीत क्रमांक छापावाच लागतो. तुमच्या भावावर भरवसा ठेवून माणूस आडतीवर माल नेतो, तोच भरवसा तो त्याखालच्या जाहिरातीवरही ठेवणार आहे.

अ‍ॅडसेन्स नंतर घ्या, रिकाम्या राहिलेल्या जागेपुरतं. १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचं पत्र टपालाने येतं, म्हणून पत्त्यात तालुका आणि पिनकोड नीट लिहा. आणि मित्रांच्या ग्रुपवर 'जाहिरातीवर क्लिक करा' असं चुकूनही टाकू नका, खातं त्यानेच बंद होतं.