केबिन क्रूमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर रुजू होताना एक गोष्ट मनाशी पक्की धरा. विमानतळावरचा थर्मल स्कॅनर केवळ त्वचेचे तापमान पाहतो, त्यामुळे ज्याच्या शरीरात रोग अजून सुप्त आहे किंवा ज्याने तापाची गोळी घेतली आहे, असा प्रवासी त्यातून सहज सुटतो. म्हणून दारात स्वागत करताना चेहरे नीट पाहा. घामेजलेले कपाळ, सततचा खोकला किंवा अंगावरचे पुरळ तिथेच लक्षात आले, तर उड्डाणापूर्वी वैद्यकीय सल्ला घेता येतो.

केबिनमधल्या हवेबद्दल प्रवासी हमखास विचारतात. केबिनची हवा गाळणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के अतिसूक्ष्म कण अडवतो, पण शेजाऱ्याची शिंक फिल्टरच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते, हेही त्यांना प्रामाणिकपणे सांगा.

वाटेत कोणी तापाने फणफणला, तर त्याला मास्क द्या, शक्य असल्यास आजूबाजूची आसने रिकामी करा, त्याची देखभाल एकाच सहकाऱ्याकडे सोपवा आणि कॅप्टनना लगेच कळवा, कारण उतरण्यापूर्वी ती माहिती जमिनीवर पोहोचवायची असते. वापरलेले हातमोजे मनगटापाशी धरून आतली बाजू बाहेर येईल असे उलटवून काढायचे. याचा सराव घरीच करा, कारण घाईत बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. त्यानंतरही हात साबणाने धुवायचेच.

पीतज्वराची (यलो फीवर) लस मात्र वेळेवर घ्या. तिचे प्रमाणपत्र १० दिवसांनंतरच ग्राह्य धरले जाते; २०१६ पासून ते आजन्म चालते.