जिन्यातल्या फलकावरची पाच नावं

प्रश्न: सर, ठाण्यातल्या आमच्या शाळेला सव्वाशे वर्षं होतायत, म्हणून माजी विद्यार्थी मिळून स्मरणिका काढतोय. जिन्याच्या वळणावर एक जुना सागवानी फलक आहे, 'महायुद्ध १९१४-१९१९' असं लिहिलेला. त्यावर पाच नावं आहेत, तीही नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. ही मुलं कोण होती, कुठं गेली, शाळेत कुणालाच सांगता येत नाही. शोध कुठून सुरू करू? आणि इंग्रजांच्या फौजेत गेलेल्यांची नावं १९६५ आणि १९७१ च्या आपल्या जवानांसोबत छापावीत का, यावरून समितीत वाद चाललाय.
– एक माजी विद्यार्थिनी, नौपाडा

उत्तर: ताई, फलक तूर्त बाजूला ठेवा आणि शाळेच्या कचेरीत जाऊन जनरल रजिस्टर मागा. दाखल्यावर जो रजिस्टर नंबर असतो, तेच हे बाड. मुलाचं पूर्ण नाव, जन्मगाव, कुठल्या शाळेतून आला, कोणत्या इयत्तेत बसला, कधी सोडली आणि का सोडली, सगळं एका ओळीत मिळतं. १९०० ते १९१९ ची सगळी पानं बघा, फक्त पाच आडनावं शोधू नका.

असं का म्हणतो ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका शाळेच्या रजिस्टरांत मी असाच बसलो होतो. इंग्रजी पाचवीतला, म्हणजे आजच्या हिशेबानं नववीतला, एक मुलगा. जन्मगाव माणगाव तालुक्यातलं. सोडल्याचं कारण: 'पलटणीत'. ही शाई तपकिरी पडलेली. त्याच ओळीच्या टोकाला, शेऱ्याच्या रकान्यात, वेगळ्या हातानं आणि निळ्या शाईनं एकच शब्द लिहिलेला: 'मयत'. घरचं कुणीतरी शाळेपर्यंत सांगायला आलं असणार, त्याशिवाय कारकुनाला कळलं कसं? त्या शाळेच्या फलकावर हा मुलगा नव्हता. फलकावर मॅट्रिक झालेलेच घेतले होते. पुढच्या खेपेला गेलो तर ती रजिस्टरं वाळवीच्या नावाखाली रद्दीत गेलेली. म्हणून आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, वाचणं सावकाश होईल.

जन्मगावाचा रकाना फार महत्त्वाचा. ठाण्यात शिकलेला मुलगा लष्करी कागदात ठाण्याचा म्हणून सापडेलच असं नाही, तिथं त्याचं मूळ गाव लागतं. शिवाय जिल्हे बदललेत. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्गाचा काही भाग रत्नागिरीत होता, काही सावंतवाडी संस्थानात. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला, त्याआधी अंधेरी-वांद्र्याचा माणूससुद्धा 'ठाणे जिल्हा, तालुका साष्टी' असाच लिहिला जाई.

गाव कळलं की राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) युद्धात मेलेल्यांच्या यादीत शोधा, ती इंटरनेटवर खुली आहे. नाव इंग्रजीत जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा 'घाडगे'ची चार-पाच स्पेलिंगं घालून बघा. पलटण ठाऊक असेल तर काम सोपं होतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमार झाली, मग शरणागती, आणि पुढं कैदेत कितीतरी दगावले. मात्र इंग्रजी येणारा हायस्कूलचा मुलगा बंदूकच घेऊन गेला असेल असं धरून चालू नका. कारकून, तारवाला, दवाखान्यातला मदतनीस म्हणूनही गेला असेल. तिकडच्या तापानं आणि पटकीनं हुद्दा बघितला नाही.

बसऱ्याचं स्मारक आठवलं की मला आजही राग येतो. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी ते उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. आयोगानं २०२१ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडं गावोगावी ज्या संगमरवरी पाट्या आहेत, 'या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत' अशा, त्यांवरही नाव नाही. तुमच्या फलकावर निदान आडनावं तरी आहेत.

आता वादाचं. छापा, सगळ्यांना एकत्र छापा. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. राज्य कुणाचं होतं म्हणून आपण कोकणातली माणसं त्यांना परकं म्हणणार का? फक्त प्रत्येकाच्या नावाखाली साल, पलटण आणि ठिकाण स्वच्छ लिहा, म्हणजे कोण कुणाच्या फौजेत होता ते वाचणाऱ्याला दिसेल. स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रावरची, म्हणजे तिथल्या गोलाकार भिंतींवर कोरलेली, नावं ताडून बघा आणि ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. पण छापण्याआधी घरच्यांना भेटा. वीरपत्नी हयात असेल तर कोणता फोटो छापायचा ते तिनं ठरवावं, समितीनं नव्हे.

रजिस्टरात मोडीतली पानं लागली तर अडून राहू नका, फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मला मोडी येते. ती निळी 'मयत' कुठं दिसली तर ते पान सगळ्यात आधी पाठवा.